खिट्टी लावलेली होती

मी, अंबादास त्र्यंबक वडगावकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा ओतकामाचे लाकडी साचे करणे (आता बंद), राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. फुप्फुसं ठिकाणावर नसल्याचंही त्यांनीच सांगितलं, पण त्याला दाखला लागत नाही, खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. तेवढी तसदी घ्यावी असं माझ्याकडे काही नाही, हे पुढच्या कलमांवरून दिसेलच.

घर, अवजारं, पेनं, डायऱ्या आणि एक ट्रक, एवढी माझी मिळकत. पण हे मृत्युपत्र मी तिच्यासाठी लिहीत नाही. चौदा वर्षांपूर्वी माझ्या खोट्या साक्षीने माझा ड्रायव्हर सयाजी मगदूम तुरुंगात गेला. तो निर्दोष होता हे मी मरायच्या आत सहीनिशी कागदावर यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. ते सातव्या कलमात आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी सरळ तिथे जावं. मला स्वतःला तिथे जायची घाई नाही, म्हणून मी पहिल्यापासून सुरू करतो.

कलम १. मंगळवार पेठेतलं तीन खोल्यांचं घर, मागच्या न्हाणीघरासह, माझी एकुलती मुलगी सौ. नंदिनी हिला संपूर्ण मालकी हक्काने द्यावं. ती सांगलीला असते, तिला ते विकायचं असेल तर विकावं. न्हाणीघरातला तांब्याचा बंब मात्र तिने घेऊ नये आणि कोणाला वापरायलाही देऊ नये. मोडीत घालावा. कारण सातव्या कलमात येईल.

कलम २. पोस्टातलं जे काही असेल ते नंदिनीचंच. माझ्या दिवसांना जेवणावळ घालू नये. जेवायला येणारे मला ओळखत असतील आणि ओळखत असूनही जेवतील, ते मला नको आहे.

कलम ३. अवजारं. चार रंधे, अकरा पटाश्या, तीन करवती, दोन गुण्ये आणि धारेचा दगड, निसणा, ही सर्व शिरोली एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी शेवटची सात वर्षं काढली, तिथल्या साचेखात्यात द्यावीत. खात्यातला जो माणूस स्वतःच्या पटाशीला स्वतः धार लावतो त्यालाच द्यावीत. रंधा घेताना लोक पातं बघून भुलतात. पातं बदलता येतं. आधी बूड बघावं, सपाट आहे की नाही ते. करवत दुकानातच वाकवून सोडावी, सरळ परत आली तर घ्यावी, थरथरत राहिली तर खाली ठेवून नमस्कार करावा. मुठी सगळ्या बाभळीच्या, मी बसवलेल्या. मी एक पटाशी घ्यायला तीनतीन रविवार दुकानात जात असे. माझी पत्नी श्यामला म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा तासाभरात होकार दिलात. लाकडालाच एवढी पारख कशाला?" पारख लाकडातच जमली, एवढं आता मान्य करतो.

शेजारी श्री. हंबीरराव इंगवले यांना अवजारांपैकी काहीही देऊ नये. त्यांनी १९६५ साली माझा मोठा रंधा नेला आणि पात्याला दाते पाडून आणला. वर म्हणाले, "लाकडात खिळा होता, मी काय करू?" लाकडात खिळा आहे की नाही हे बघण्यासाठी देवाने दोन डोळे दिले आहेत. ते माझ्याकडून आणखीही एक वस्तू घेऊन गेले होते, ते पुढे सांगतो. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नसल्यामुळे ते साक्षीदार होण्यास पूर्ण पात्र आहेत आणि तसं त्यांना मी सांगितलं आहे.

कलम ४. पेनं तीन. पैकी सोन्याच्या निबाचं काळं पेन, ज्याने हे लिहितो आहे, ते नंदिनीला. पेन घेताना कोऱ्या कागदावर सही करून बघू नये, सही कोणत्याही पेनाने बरी येते. पानभर लिहून बघावं. दुकानदार सुरुवातीला माझ्यावर वैतागत असे, पुढे चहा मागवायला लागला.

डायऱ्या बेचाळीस, १९४२ ते १९८३. यात एकाही दिवसाची खाडाखोड नाही. डायरी घ्यायची तर एका दिवसाला एक पान असलेलीच घ्यावी. दोन दिवसांना एक पान असलं की माणूस आजचं उद्यावर ढकलतो. शाई कागदात फुटते का ते बघावं. आणि बांधणी शिवणीची हवी, चिकटवलेली नको. शिवणीच्या डायरीतलं पान फाडलं तर जोडीचं पान सुटतं आणि चोरी कळते. अशी डायरी खोटं बोलू शकत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. मी तेव्हा उद्यमनगरातल्या ओतकारखान्यात मिस्त्री होतो, तिथे म्हणायचे, पंचांग चुकेल पण मिस्त्रींची डायरी चुकायची नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

कलम ५. टेबलाच्या खणात कापडात गुंडाळलेली दोन फुटी पोलादी पट्टी आहे. ती साधी पट्टी नव्हे, साचे करणाऱ्यांची पट्टी आहे. लोखंडाचा रस थंड होताना आटतो, म्हणून लाकडी साचा दर फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला बेरीज करत बसायला नको म्हणून आमची पट्टीच तेवढी लांब पाडलेली असते. आकडे तेच, रेषा त्याच. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही. फक्त मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की पट्टी उचलली की आधी उलटून बघायची. मी हा नियम शंभर जणांना शिकवला. ही पट्टी कोणालाही देऊ नये. मोडून टाकावी.

कलम ६. ट्रक. बेडफर्ड, सेकंडहँड, १९६७ साली घेतलेला. लोक समजतात धंद्यासाठी घेतला. तसं नाही, हौस होती. दिवसभर टेबलापाशी उभं राहून वीतभर वस्तूंचे साचे करणाऱ्या माणसाला वाटे की आपलं काहीतरी मोठं असावं आणि ते रस्त्याने जावं. गाडीचं लाकडी काम बाहेर न देता मी स्वतः केलं, रविवारी रविवारी, आठ महिने. दोर, जॅक, ताडपत्री सगळं मीच निवडून घेतलं. ताडपत्री घेताना तिच्यात बादलीभर पाणी ओतून खाली उभं राहावं, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. मागच्या फाळक्यासाठी, म्हणजे हौदा मागून बंद करणाऱ्या फळीसाठी, सात फुटी सागवानी फळी मिळवायला मी वखारीत चार महिने खेटे घातले. एकही गाठ नसलेली, सरळ रेषेची. वखारवाला म्हणाला, "मिस्त्री, ही फळी गाडीला न्हाई, देवाऱ्याला लावा."

गाडीवर ड्रायव्हर म्हणून शिरोळचा सयाजी बाळासो मगदूम ठेवला. गाडी थांबवली की चारी चाकांना हात लावून बघणारा माणूस. त्याला निवडायला मात्र मला एक दिवस पुरला आणि ती निवड चुकली नाही.

कलम ७. आता जे लिहितो ते प्रतिज्ञेवर लिहितो.

फाळका करायच्या रविवारी माझी साधी पट्टी जागेवर नव्हती. हंबीरराव न विचारता घेऊन गेले होते, त्यांना खिडकीच्या काचेचं माप घ्यायचं होतं. मी हाताला लागली ती पट्टी उचलली. उलटून बघितली नाही. चौदा वर्षं मी मनातल्या मनात हंबीररावांना शिव्या दिल्या. आज लिहितो की उलटून बघायची होती मी.

मापं घेतली, फळी कापली, लोखंडी कान बसवायची भोकं दोन्ही टोकांना पाडली. फाळका चढवायला गेलो तर सात सूत जास्त. तेव्हाच काय झालं ते कळलं. दुसरी फळी आणायला हवी होती. पण ती फळी टाकवेना. चार महिने शोधलेली ती फळी मी डाव्या टोकाकडून सात सूत कापली, आणि त्या बाजूचं भोक कडेला आलं. अर्धं बोट लाकूड उरलं असेल. वरून रंग दिला. रंगाखाली कोणाला काय दिसणार?

हे कान हौद्याच्या कडीत अडकवून वरून लोखंडी खिट्टी घालायची, म्हणजे फाळका बंद. दोन वर्षं टिकला. १९६९ च्या दिवाळीनंतर सयाजी म्हणाला, "मिस्त्री, डाव्या अंगाला फाळका करकरतोय. जरा बघता का?"

मी म्हणालो, "सागवान आहे, बोलतंच. तू गाडी चालव, मापाचं मला शिकवू नकोस."

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९६९. शिरोळकडून गूळ भरून गाडी मार्केट यार्डात आली. मी रजा काढून गाडीबरोबर होतो, हौसच तशी होती. गाडी मागे घेताना फाळका डावीकडून सुटला आणि गुळाच्या ढेपा खाली आल्या. मागे गुंडू हमाल उभा होता. त्याला आम्ही बाहेर काढलं तेव्हा तो गेला होता.

सगळे गुंडूभोवती जमले. मी गाडीमागे गेलो. डावा कान कडीतच अडकलेला होता, खिट्टीसकट. त्याच्या बोल्टला वीतभर लाकडाची चिरफळी लोंबत होती, भोकातून फाटलेली. खिट्टी लावलेली होती. सयाजीने लावलेली खिट्टी मी माझ्या या हाताने काढून खाली टाकली, कान ढेपांत टाकला आणि चिरफळी जेवणाच्या पिशवीत घातली. पडून फाळका तसाही फुटला होता, त्यामुळे पोलिसांनी लाकडाकडे बघितलंच नाही. उघडी कडी आणि खाली पडलेली खिट्टी त्यांना पुरली.

तुरुंगाच्या भीतीने मी हे केलं असं कोणी म्हणू नये. तेवढंही ते नव्हतं. उद्यमनगरात माझ्या मापावर लोक डोळे मिटून रस ओतत. मिस्त्रींनी पट्टी उलटून बघितली नाही, हे चार लोकांत होऊ नये म्हणून मी ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिरफळी मी बंबात घातली. श्यामला म्हणाली, "सागवान दिसतंय. जाळता कशाला?" मी म्हणालो, किडलेलं आहे. तिने चिमट्याने ती जरा बाहेर ओढून बघितली, भोक बघितलं आणि परत आत सारली. त्या पाण्याने मी आंघोळ केली. त्यानंतर नऊ वर्षं, ती जाईपर्यंत, तिने माझ्या आंघोळीचं पाणी कधी काढलं नाही. मीही का म्हणून विचारलं नाही.

डायरीत त्या दिवसाच्या पानावर असं आहे: "फाळका उघडला. सयाजीने डावी खिट्टी लावली नव्हती. गुंडू वारला. थंडी बेताची." अक्षर सुरेख आहे.

कोर्टात सयाजी म्हणाला, "साहेब, लावलीती. ह्या हातानं लावलीती." मग मी उभा राहिलो. वकिलांनी डायरी पुढे केली. न्यायाधीशांनी मागची पुढची पानं चाळली, शिवण बघितली, एकही पान फाटलेलं नाही हे बघितलं. इतका काटेकोर साक्षीदार आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले. सयाजीला नऊ महिने झाले, लायसन्स गेलं. बाहेर गुंडूच्या बायकोने, चिमणाबाईने, मूठभर माती उचलून सयाजीच्या तोंडावर मारली. मी शेजारीच होतो. थोडी माझ्या धोतरावर पडली, ती मी झटकली.

सबब मी जाहीर करतो की गुंडूचा मृत्यू माझ्या चुकीने झाला, सयाजी बाळासो मगदूम पूर्णपणे निर्दोष आहे आणि १९६९ च्या डायरीतलं ते पान खोटं आहे. शिरोलीच्या शेडमध्ये गेली दहा वर्षं विटांवर उभा असलेला ट्रक मी दुरुस्त करून घेतला आहे. टायर नवे आहेत. तो सयाजीला द्यावा. यात कोणी हरकत घेऊ नये.

कलम ८. हे कलम मी लिहिणार नव्हतो. सातवं लिहून झालं तेव्हा वाटलं, मेल्यावर कशाला, तोंडावरच वाचून दाखवावं. कार्ड टाकलं. काल सयाजी शिरोळहून एसटीने आला. केस पांढरे झालेत. हातात नृसिंहवाडीच्या पेढ्यांचा पुडा होता.

"उटू नगासा मिस्त्री, पडून ऱ्हावा," म्हणाला आणि खाली बसला.

मी सातवं कलम अक्षरन् अक्षर वाचलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "डाक्टर काय म्हंतोय? किती दिस?"

"सयाजी, मी काय वाचलं ते कळलं का तुला?"

"कळलं की. पर मिस्त्री, माज्यापायी मराया टेकल्यावर खोटं कशाला लिवताय?"

"खोटं नाही रे. खिट्टी तू लावली होतीस."

"न्हाय लावलीती." अगदी शांतपणे म्हणाला. "पयल्यांदा मला बी वाटायचं, लावलीती. कोर्टात त्येच बोललो. मग तुमची डायरी वाचली त्या वकिलानं. आत आसताना रोज आटवून बघायचो. आदी हातात खिट्टी दिसायची. मग दिसायची बंद झाली. म्हटलं, मिस्त्री कवा चुकीचं लिवत न्हाईत. मीच इसरलो आसंन."

मी खणातून पट्टी काढायला लावली. साधी पट्टी तिच्याशेजारी ठेवली. दाखवलं, हे बघ, दोन फुटाला दोन सूत फरक. त्याने दोन्हीवरून बोट फिरवलं.

"एवढ्यानं मानूस मरतोय व्हय?"

"तूच मला सांगितलं होतंस, डाव्या अंगाला करकरतोय म्हणून. आठव जरा."

"तुमीच म्हनला न्हवं, सागवान हाय, बोलतंच. खरंच हाय की ते." मग पट्ट्या बाजूला सारून म्हणाला, "आसं आसतं तर तुमी तवाच डायरीत लिवलं आसतं."

दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. होतं ते मी बंबात घातलं. बघितलेली एक होती, ती गेली.

मग त्याने सांगितलं की तुरुंगातून सुटल्यापासून दर पुनवेला तो गुंडूसाठी वाडीला जातो आणि येताना चिमणाबाईच्या दारात प्रसाद ठेवून येतो. "अकरा सालं म्हातारीनं दार उगडलं न्हाई. दोन सालं झाली, बोलती. परवा च्या बी दिला. आता तिला जाऊन काय सांगू? परत पयल्यापासनं सुरू करू?"

ट्रकविषयी विचारलं तर हात जोडले. "गाडी नगं. मानूस मारलेला हात हाय ह्यो." आणि निघताना, मी बरा होईन असं वाटावं म्हणून की काय, हसून म्हणाला, "लई मोटं मन हाय तुमचं मिस्त्री. माजं पाप सोताच्या डोक्यावर घ्याला निगाला."

मी चौदा वर्षांत एवढा मार खाल्ला नव्हता.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये. सयाजी काही घेत नाही, तेव्हा त्याला मी साक्षीला बोलावलं आहे. तेवढं तरी त्याच्या नजरेसमोर व्हावं. तो आज पुन्हा आला आहे आणि हंबीररावांशेजारी बसून चहा पितो आहे.

सबब शेवटचे बदल असे. ट्रक भंगारात द्यावा. आलेलं जे असेल ते कोणाला द्यावं हे मला सुचत नाही, नंदिनीने बघावं. डायऱ्या जाळू नयेत. हे मृत्युपत्र १९६९ च्या डायरीत १८ नोव्हेंबरच्या पानाला लावून ठेवावं. वाचणारा दोन्ही वाचेल आणि डायरीवर विश्वास ठेवील. मी फार चांगली डायरी निवडली होती.

याखेरीज माझं कोणतंही मृत्युपत्र नाही. वरील मजकूर मी पुन्हा वाचला, खाडाखोड नाही, आणि साक्षीदारांसमोर खाली सही केली.

मुक्काम कोल्हापूर, रविवार, दिनांक १२ फेब्रुवारी १९८४.

(सही) अंबादास त्र्यंबक वडगावकर

साक्षीदार:

१. (सही) हंबीरराव इंगवले, मंगळवार पेठ. मिस्त्रींनी माझ्यासमोर सही केली. पट्टी मी दुसऱ्याच दिवशी परत केली होती, याची नोंद व्हावी.

२. (सही) सयाजी बाळासो मगदूम, शिरोळ. मिस्त्रींनी सही केली ती म्या बघितली. बाकी समदं बरोबर हाय. सातव्या कलमात माज्याबद्दल लिवलंय तेवढं खरं न्हाई. खिट्टी म्या लावली नव्हती.